तांब्यात उरलेलं पाणी

मोगऱ्याला कळी येत नाही ही तक्रार चुकूनसुद्धा कुणापुढे करू नये. मी केली आणि पस्तावले. शाळेत मधल्या सुट्टीत एकदा सहज बोलून गेले, तर डबे उघडायच्या आत सल्ल्यांचा ढीग पडला. एक म्हणाली केळीच्या साली भिजवून ते पाणी घाला. दुसरी म्हणाली केळी नको, कांद्याच्या साली. तिसरीने चहाचा चोथा सांगितला, चौथीने अंड्याची टरफलं. मोबाइलवर तर विचारूच नका. तिथे एक बाई गोड हसत सांगते की फक्त एक चमचा हे घाला आणि कमाल बघा. मी सगळं घातलं. कमाल एवढीच झाली की गच्चीवर उभं राहवेना इतका वास सुटला आणि घरात मुंग्या झाल्या. मोगरा होता तसाच. हिरवागार, तुकतुकीत, आणि कळीच्या नावाने शंख.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे शेजारचे अण्णा. त्यांचा सल्ला दोन शब्दांचा होता.

"ताण द्या, बाई."

अण्णा मूळचे सांगोल्याकडचे. घरची डाळिंबाची बाग होती. डाळिंबाला बहार धरायच्या आधी पाणी तोडतात, झाड तहानेनं पानं टाकतं, वाळल्यासारखं दिसतं, बघणाऱ्याला वाटतं मेलं. त्याला ताण देणं म्हणायचं. मग एक दिवस पाणी सोडतात, म्हणजे ताण तोडतात, आणि झाड फुलांनी लाल होतं. हे अण्णांनी लहानपणापासून पाहिलेलं. पुढे बागेवर तेल्या आला, फळांवर काळे तेलकट डाग पडून ती उकलायला लागली. भावांनी झाडं उपटून मका पेरला आणि अण्णा चिंचोळीच्या एमआयडीसीत एका सुताच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागले. तिथून निवृत्त झाले ते सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या शेजारी राहायला आले. बाग गेली, पण ताण हा शब्द काही त्यांच्या तोंडातून गेला नाही.

आमच्या आणि त्यांच्या गच्चीमध्ये गुडघ्याएवढा कठडा. अण्णा तो ओलांडून यायचे ते विचारून वगैरे नाही. कारखान्याचा जुना निळा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांची विजार, हातात डाळिंबाची कात्री. रंगाची रिकामी बादली पालथी घालून बसायचे आणि माझ्या एकेका कुंडीत बोट खुपसायचे. पार दुसऱ्या पेरापर्यंत. मग ते बोट माझ्यापुढे धरायचे. ओली माती दिसली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, जसं काही मी पोराला शाळा बुडवायला शिकवलंय.

"लई लाडावलंय ह्ये. आयतं मिळतंय तर फुलंल कशाला?"

"अण्णा, बाहेर ऊन बघा. माणसं वाळायला लागली, झाड कसं राहील?"

"माणसाचं सोडा की. माणसाला कुटं फुलं येतात?"

मी गणित शिकवते. वर्गात माझ्यापुढे पोरं चळाचळा कापतात, असं पोरंच सांगतात. पण अण्णांपुढे माझी एक मात्रा चालायची नाही.

सोलापुरात गच्चीवर फुलं लावायची म्हणजे मुळात डोकं फिरलेलं असावं लागतं. नळाला पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी. ते प्यायलाच पुरत नाही, म्हणून झाडांना बोअरचं. बोअरचं पाणी असं खारट की महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरं मीठ चढतं आणि पानं पिवळी पडतात. मग ती पानं बघून कुणीतरी म्हणतं, खत कमी पडतंय. खत घातलं की जळतं. शेवंती आणली, जळाली. जाई आणली, जळाली. एक दिवस मी वैतागून सगळ्या कुंड्या भंगारवाल्याला द्यायला निघाले होते. एक कुंडी मात्र देता आली नसती, आणि तीच नेमकी फुलत नव्हती.

तो मोगरा वेळापूरचा, आईच्या अंगणातला. आईचा बटमोगरा होता, गच्च पाकळ्यांचा, बोराएवढी कळी. माझं नवीन लग्न झालं तेव्हा ती ओल्या फडक्यात कळ्या बांधून सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि मी स्टँडवर जाऊन घ्यायची. फडकं उघडलं की अख्ख्या स्टँडला वास. आई गेल्यावर भावाने अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायला काढले. मला फोनवर सहज बोलता बोलता कळलं. मी मिळेल ती गाडी धरून गेले, तोवर खणायला सुरुवात झालेली. कोपऱ्यात दोन झाडं होती. एक आईचा बटमोगरा, दुसरा वहिनीने नंतर लावलेला साधा, एकेरी पाकळीचा. दोन्हींवर माती, विटा, पानं तुटलेली. कुठला कुठला, काही कळेना. हाताला लागला तो फुटवा मुळासकट उपटला, पिशवीत घातला आणि आले. ब्लॉक बसले, बाकी सगळं गाडलं गेलं.

म्हणजे माझ्या कुंडीतला मोगरा आईचा की वहिनीचा, हे फूल आल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि फूल येत नव्हतं. रोज सकाळी त्या झाडापुढे उभं राहून मला त्याला हलवून विचारावंसं वाटायचं, अरे, तू आहेस तरी कोण?

हे मी अण्णांना एकदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी मायेचं बोलणार.

"मग तर ताण द्यायलाच पायजे," म्हणाले.

पण अण्णांवर विश्वास ठेवायचा कसा? त्यांचे पराक्रम मी डोळ्यांनी बघितलेले. मी भाचीच्या लग्नाला गेले होते तेव्हा कुंड्या त्यांच्यावर सोपवल्या. परत येऊन बघते तर जास्वंदीच्या कळ्यांचा खाली सडा. भर उन्हाळ्यात या बाबाने जास्वंदीला ताण दिला होता! जास्वंद ती, एक दिवस पाणी चुकलं की कळ्या टाकते. मी ओरडले तशी म्हणतात, "गळाल्या की. कमजोर हुत्या." दुसऱ्या दिवशी मात्र नर्सरीतून नवं रोप घेऊन हजर. मला जरा वरमल्यासारखं झालं, तोच रोप माझ्या हातात देत म्हणाले, "ह्याला सुरवातीपास्नं शिस्त लावा."

मग त्या रोपावर कापसासारखी पांढरी कीड आली. अण्णांनी तंबाखू भिजत घातली, बागेतला जुना पितळी पंप शोधून काढला आणि दुपारच्या वाऱ्यात फवारणी सुरू केली. कीड मेली, खोटं कशाला बोलू. पण दोरीवर माझ्या तीन चादरी वाळत होत्या. सोलापुरी चादर धुणं म्हणजे काय असतं हे धुतलेल्यालाच ठाऊक. तिन्हींवर तपकिरी ठिपके. अण्णांनी चादर हातात घेऊन बारकाईने बघितली आणि म्हणाले, "तेल्याचा डाग अस्साच दिसतो, बाई." आता यावर माणसानं हसावं का रडावं?

आणि कधी कधी ते बरोबर निघायचे. ते तर जास्त असह्य. माझ्या गुलाबाला एकदा तळातून जोमदार फुटवा आला. सरसर वाढला, मी खूश. अण्णांनी येऊन कात्रीने खटकन उडवला. मी अक्षरशः किंचाळले. तर शांतपणे म्हणतात, "कलमाच्या खालनं फुटलंय. रानटी हाय ह्ये, खाऊन टाकंल वरच्याला." पुढच्या महिन्यात गुलाबाला एवढी फुलं आली की मी अण्णांशी आठवडाभर बोलले नाही.

त्यांची सगळी मस्ती उतरायची ती एकाच माणसापुढे. इंदूअक्का, त्यांची बायको. ठेंगणी, गोरीपान, बोलणं हळू. खरं म्हणजे अक्कांना नाही म्हणताच यायचं नाही. दारात कुणी आलं की आधी पाण्याचा तांब्या. पोस्टमन, वीजमीटर बघणारा, देणगीवाला, सगळ्यांना पाणी. अण्णांनी एका हिवाळ्यात तुळशीलासुद्धा ताण द्यायचं काढलं, म्हणे मंजिऱ्या चांगल्या येतील, तेवढ्या एकाच वेळी अक्कांचा आवाज चढलेला मी ऐकला.

"तुळशीला तहानलेली ठिवून मी जेवू व्हय? तुमची डाळिंबं न्हाईत ही!"

अण्णा मुकाट्याने कठडा ओलांडून माझ्याकडे येऊन बसले. "हिच्या हातानं बाग व्हायची न्हाय," एवढंच पुटपुटले.

शेवटी मी मोगऱ्याच्या बाबतीत अण्णांचं ऐकलं. काय करणार, साली-टरफलं-चोथा सगळं करून झालं होतं. कुंडी उचलून कठड्याला लागून ठेवली, अण्णांना त्यांच्याकडून लक्ष ठेवता यावं म्हणून. थंडीत त्यांनी फांद्या छाटल्या, पानं ओरबाडली, मुळ्या उघड्या केल्या. मी तोंड फिरवून उभी. "आता पाण्याचा थेंब न्हाय," असा हुकूम झाला. मी पाळला, जीव तुटत असून पाळला. थंडी सरता सरता शेणखत घालून ताण तोडला. आणि काय आलं? पानं! हिरवीगार, तुकतुकीत पानं. कळी एक नाही.

"ताण बसला न्हाय," अण्णा म्हणाले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा पानं. त्याच्या पुढच्या वर्षीही. अण्णा बोट खुपसायचे, बोटाला ओल लागायची, आणि माझ्याकडे संशयाने बघायचे. "बाई, चोरून घालताय." मी शपथेवर सांगायची की नाही हो! ते मान हलवायचे. माझ्यावर संशय! आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या मी, आणि हा माणूस मला चोर ठरवणार? त्या तिसऱ्या वर्षी आमचं असं वाजलं की अण्णांनी कठडा ओलांडायचं बंद केलं.

मग एका रविवारी मी पहाटे कपडे वाळत घालायला वर गेले. अक्का त्यांच्या गच्चीवर तुळशीला पाणी घालत होत्या. प्रदक्षिणा झाली, हात जोडले, आणि तांब्यात उरलेलं पाणी त्यांनी कठड्यावरून हात लांबवून माझ्या मोगऱ्यात ओतलं. सहज. रोजच्या सवयीने.

"अक्का!"

दचकल्या बिचाऱ्या. "काय झालं गं?"

"अहो, रोज घालता पाणी?"

"उरलेलं खाली कसं न्यायचं? तुळशीला आणलेलं पाणी परत खाली नेत न्हाईत. आन ही कुंडी हितंच, हाताशी." मग म्हणाल्या, "लई वाळल्यागत दिसतंय गं ते. बघवत न्हाय."

तीन वर्षं! तीन वर्षं आम्ही दोघं एकमेकांची डोकी फोडत होतो आणि मोगरा रोज सकाळी आरामात तुळशीचं तीर्थ पीत होता. माझा नुसता संताप संताप झाला. अण्णा वर आले, त्यांना सांगितलं. मला वाटलं आता हे अक्कांवर तुटून पडतील. ते कठडा ओलांडून आले, पालथ्या बादलीवर बसले आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "घरातच तेल्या हाय की माझ्या," म्हणाले. अक्काही हसायला लागल्या. मी तेवढी हसले नाही. पुढच्या साली कुंडी आपण हलवू, असं ठरलं.

पुढचं साल आलं ते वेगळंच. पावसाळ्यातच अण्णांच्या पायांवर सूज दिसायला लागली. चप्पल जाईना. दवाखान्यात तपासण्या झाल्या, दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करायला जायचं आणि पाणी मोजून. डॉक्टरांनी अक्कांना एक छोटी बाटली दाखवून सांगितलं, दिवसभराचं सगळं यातच, चहा, औषधाचं पाणी, सगळं. यापेक्षा जास्त दिलंत तर छातीत पाणी भरेल.

सोलापूरचं ऊन, आणि पाणी मोजून. ज्या घरात दारावर आलेल्या प्रत्येकाला तांब्या पुढे व्हायचा, त्या घरात.

सुरुवातीला अक्कांना ते जमेना. अण्णा मागायचे आणि त्या द्यायच्या. लहान पेला, अर्धा पेला, घोटभर. एकदा अण्णांना श्वास लागला, धावपळ करून नेलं, आणि तिथे डॉक्टर अक्कांना सगळ्यांसमोर नको ते बोलले. परत आल्यावर त्या माझ्याकडे आल्या. माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून रडल्या.

"बाई, मला न्हाय म्हणायला शिकीव. तू पोरांना म्हणतीस की दिवसभर."

काय शिकवणार मी? त्या स्वतःच शिकल्या. बाटली स्वतःच्या कमरेला पिशवीत बांधून फिरायच्या. अण्णा हात पुढे करायचे, चिडायचे, नको नको ते बोलायचे, एकदा तर ताट भिरकावलं. अक्का भिंतीकडे तोंड करून बसायच्या, पण द्यायच्या नाहीत. अण्णा मला म्हणायचे, "बघा बाई, मलाच ताण दिलाय आता." मी हसल्यासारखं करायची. मनातून देवावर अशी चिडलेली असायची की सांगता सोय नाही. जगात दुसरा रोग नव्हता या माणसाला द्यायला?

या सगळ्यात कुंडी हलवायची राहूनच गेली. थंडीत अण्णा एक दिवस धरून धरून वर आले आणि खुर्चीत बसून मला सांगत राहिले, ही फांदी काप, ती ठेव, माती उकर, अजून उकर. हात त्यांचे चालत नव्हते, तोंड मात्र चालत होतं. थंडी सरत आली तेव्हा पुन्हा आले. मला कुंडीत बोट घालायला लावलं. मी दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. बोट कोरडं ठणठणीत.

मी अक्कांकडे बघितलं. त्या तुळशीपाशी उभ्या होत्या. हातात तांब्या नव्हताच. एक वाटी होती, रिकामी.

"आता उरत न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "मोजून घ्यायची सवय लागली हाताला."

अण्णांनी त्या रिकाम्या वाटीकडे बघितलं. मग म्हणाले, "तोडा ताण."

मी शेणखत घालून वर बादली उचलली. "हळू," अण्णा म्हणाले. "हळू सोडा. आवाज येऊ दे." कोरड्या मातीत पाणी शिरताना बुडबुड आवाज होतो. अण्णा डोळे मिटून तो ऐकत होते आणि त्यांचा घसा हलत होता, गिळल्यासारखा. बादली संपली. "आनखी एक," म्हणाले. मला ते बघवेना, पण मी दुसरी बादली आणली आणि अगदी हळू सोडली.

कळ्या आल्या. पानाआडून, फांदीच्या टोकाला, तिनातिनाच्या झुपक्यांनी. मी रोज वर जाऊन त्यांना न्याहाळायची. कळीवरून काही कळेना. जरा बारीक वाटायची, पण म्हटलं कुंडीतली आहे, बोअरच्या पाण्यावरची आहे. पहिलं फूल उमललं त्या दिवशी अण्णांची दवाखान्याची पाळी होती. तिथे गेले ते अण्णा घरी परत आले नाहीत, म्हणून ती सकाळ मला जशीच्या तशी दिसते.

मी देठासकट फूल खुडलं आणि तीन-तीन पायऱ्या ओलांडत खाली गेले. बोळात रिक्षा उभी. अण्णा आत, तोंड सुजलेलं, गळ्याला मफलर. शेजारी अक्का, मांडीवर पिशवी, पिशवीत बाटली.

"अण्णा, आलं!"

त्यांनी फूल घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. वास घेतला. वर गच्चीत मी जे बघितलं होतं आणि मानायला तयार नव्हते, ते त्यांनी एका नजरेत बघितलं.

"एकेरी हाय की, बाई."

वहिनीचा मोगरा. इतकी वर्षं मी वहिनीचा मोगरा सांभाळत होते. आईचा त्या ब्लॉकखाली गेला होता, मीच तो तिथे सोडून आले होते, आणि आता काहीही केलं तरी तो परत येणार नव्हता. मला तिथेच बोळात रडू फुटलं. रागाने, दुसरं काही नाही.

अण्णांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "उपटताय का आता त्याला?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"मग पुढच्या साली ताण चुकवू नका." फूल त्यांनी पुन्हा नाकाशी धरलं. उन्हाने पाकळ्या आत्ताच मलूल व्हायला लागल्या होत्या. ते अक्कांकडे वळले. "टोपणात जरासं पाणी घाल की, इंदे. तितं पोचंस्तोवर टिकंल."

अक्कांनी पिशवीवर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं, फुलाकडे बघितलं, आणि समोर रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "न्हाय. तुमचं मोजून हाय."